शेंदराखालचा चेसिस नंबर

माणूस समोर उभा आहे, एवढ्यावरून तो आहे असं मानण्याचा काळ आता मागं पडला, आणि ते बरंच झालं. समोर तर कोणीही उभं राहतं. खरी ओळख नंबरानं पटते. आमच्या गावात हल्ली म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला आहे, शेतकऱ्याला तो शेतकरी असल्याचा नंबर आहे, विहिरीला नंबर आहे (पाणी नाही, पण तो दुसऱ्या खात्याचा विषय). मागच्या साली गोमतीबाईचा अंगठा राशनच्या यंत्राला पटेना, तेव्हा ती गोमतीबाई नसल्याचं रीतसर सिद्ध होऊन तिला परत पाठवण्यात आलं. घरी सुनेनं तिला लगेच ओळखलं. सुनांचं काम अजून जुन्या पद्धतीनंच चालतं.

सबब, फटफटीलाही नंबर असतो आणि ती विकत घेण्याआधी तो तपासावा, यात वावगं काहीच नाही. आमच्या गावात अशी एक तपासणी झाली, तिची ही हकीकत. गाव कोणतं ते विचारू नये. कारंजाहून इंझोरीकडं निघालं की वाटेत एक फाटा लागतो आणि त्या फाट्यावर कोणीच उतरत नाही, इतकी ओळख पुरे.

आधी व्हिंटेज म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी गाडी जुनी झाली की तिला भंगार म्हणत आणि भंगारवाला ती हातगाडीवर आडवी टाकून नेई. आता तिला व्हिंटेज म्हणतात आणि पुण्याचा माणूस तिला टेम्पोत गादी घालून नेतो. जी चालू होत नाही आणि जिची मालकाला लाज वाटते, ती भंगार. जी चालू होत नाही आणि जिचा फोटो मालक सगळ्यांना पाठवतो, ती व्हिंटेज. लोखंड तेच असतं.

आमच्या गुलाबरावच्या गोठ्यात अशी एक राजदूत फटफटी उभी होती. गुलाबराव म्हणजे वांगी-मेथी लावून कारंजाच्या बाजारात नेणारा, पापभीरू, बायकोला भिणारा गृहस्थ. गाडी त्याला १९८३ साली लग्नात सासऱ्यानं दिली. हुंडा म्हणून नव्हे. आमच्याकडं हुंडा कोणी घेत नाही. मुलीचा बाप हौसेनं देतो, आणि हौस किती सीसीची असावी हे मुलाकडचे आधी कळवतात. गुलाबरावच्या आईनं "कोरी पाह्यजे" असं कळवलं होतं, आणि शिरपूरच्या व्याह्यानं कोरी दिली. वरातीत गाडी पुढं होती, नवरा-नवरी मागं.

त्या कोऱ्या गाडीवर गुलाबरावच्या बायकोनं, सीताबाईनं, चाळीस वर्षं संसार रेटला. गाडी त्यातली जेमतेम निम्मी वर्षं चालली, पण तिचं वाक्य कायम चालू होतं. वाक्य असं: "माह्या बापानं कोरी गाडी देली." वरणात मीठ जास्त झालं आणि सासू बोलली, की वाक्य. माहेरी मुक्काम लांबला आणि नवरा कुरकुरला, की वाक्य. माझ्या पाहणीनुसार त्या घरातल्या शंभर तंट्यांपैकी एक्क्याण्णव या वाक्यानं मिटले, सहा पाहुणे आल्यानं मिटले, आणि तीन अजून चालू आहेत.

वाक्याचा सगळ्यात जास्त मार बसला तो धाकट्या जावेला, म्हणजे आपल्या मघाच्या गोमतीबाईला. तिच्या बापानं सायकल दिली होती, तीही वापरलेली, आणि त्या भल्या माणसानं भर मांडवात तसं सांगून टाकलं होतं. खरं बोलणाऱ्या बापाच्या लेकीला सासरी काय सोसावं लागतं, याची आकडेवारी शासनानं अजून गोळा केलेली नाही.

आता मुद्दा असा, की गाडी कोरी नव्हती.

शिरपूरच्या व्याह्यानं ती बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून घेतली, कारंजात काळा रंग मारून आणला, सीटवर नवं प्लास्टिक चढवलं, आणि हळदीच्या दिवशी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, नव्याची सोय नाई झाली. तोंडातून काढू नको." ही गोष्ट बाप, रंगारी आणि सीताबाई या तिघांनाच ठाऊक होती. त्यातले दोघे वारले. (मला कशी कळली हा वेगळा विषय आहे आणि तो मी काढणार नाही.)

पहिल्याच दसऱ्याला धोका उभा राहिला. गुलाबरावचे मामा एसटीच्या डेपोत होते. ते पुरणपोळी खाऊन गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "हँडलच्या मानीवर नंबर ठोकेल असते. त्याच्यावरून गाडी कोन्या सालची, ते सांगतो मी. माहा चष्मा आना बरं." चष्मा पिशवीत होता, पिशवी ओट्यावर होती. मामा चष्मा पुसेपर्यंत सीताबाईनं गाडीची पूजा उरकली. टायरला हळद, दिव्याला कुंकू, आणि मानेवर तेलात कालवलेला शेंदूर, ओंजळभर.

मामा म्हणाले, "इतका?"

"मामाजी, माह्या बापाची गाडी हाय. टिकलीवर भागवू काय?"

पूजलेल्या गाडीला बोट लावायची मामांची छाती झाली नाही.

तेव्हापासून दर दसऱ्याला एक थर. आधी ते टेंगूळ होतं, मग त्याचा गोळा झाला, मग गोळ्याला नाक आल्यासारखं दिसू लागलं. एका वर्षी म्हैस अडली आणि सुखरूप सुटली, तेव्हा सासूनं स्वतः कारंजाहून चांदीचे डोळे आणून त्यात बसवले. (सासूनं सुनेचं गुपित आपल्या हातानं पक्कं केल्याचं जिल्ह्यातलं हे पहिलंच उदाहरण असावं.) पुढं गाडी बंद पडली. बंद पडल्यावर तिचा लौकिक वाढला, जे आपल्याकडच्या रीतीला धरूनच आहे. बारावीची पोरं परीक्षेआधी नारळ ठेवू लागली. गाडीखाली बसणारी कोंबडी जास्त अंडी देते अशी वार्ता पसरली, आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्याही तिथंच येऊन बसू लागल्या.

असं सगळं सुरळीत चालू असताना स्वप्निल आला.

हा मूळचा कारंजाचा, पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो. तो जुन्या गाड्यांच्या एका क्लबाचा सभासद आहे. क्लबाचे लोक दर रविवारी जुन्या गाड्यांवर बसून चहाला जातात आणि टेम्पोत घालून परत आणतात. कोणाच्या तरी लग्नाला आला असताना त्यानं गोठ्यात गाडी पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (गोठ्यात माश्यांसाठी धूर केला होता, पण श्रेय गाडीला देण्यात आलं.) बोलणी झाली. जुनी गाडी त्यानं न्यावी, बदल्यात गुलाबरावला भाजीचं पोतं बांधायला बॅटरीची नवी स्कूटर द्यावी. गुलाबराव इतक्या घाईनं हो म्हणाला, की त्यालाच लाजल्यासारखं झालं. सीताबाईनंही मान डोलावली. गाडी पुण्याला गेली की गुपितही पुण्याला गेलं, आणि पुण्यात शिरपूरच्या सीताबाईच्या बापाची चौकशी कोण करतो?

"फक्त एक छोटी फॉर्मॅलिटी आहे काका," स्वप्निल म्हणाला. "चेसिस नंबर बघावा लागेल. त्यावरून गाडीचं साल कळतं."

आरसी बुक होतं (ते पहिल्यापासून सीताबाईच्याच पेटीत असे), पण मागं कधीतरी गळक्या छताखाली त्यातली शाई उतरली होती. आकडे गेले, शिक्का राहिला. शिक्का शाबूत असला की आमच्याकडं बाकी मजकूर गौण धरतात. पुण्यात तसं नसावं. स्वप्निलनं मोबाइलमधून क्लबाची नियमावली वाचून दाखवली. इंजिनचा नंबर पाहावा, चेसिसचा नंबर पाहावा. आकडे कारखान्यातले आहेत की मागाहून कोणी ठोकले, ते बोट फिरवून पाहावं. आकडे एका ओळीत असावेत (कारखाना निवांत असतो, चोर घाईत). नंबराच्या जागी घासल्याची, वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहावं. अशी ती सविस्तर होती. नंबराच्या जागी देव असला तर काय करावं, एवढं मात्र त्यात नव्हतं.

इंजिनचा नंबर रॉकेलच्या बोळ्यानं लगेच उघडा पडला. मग वायर ब्रश घेऊन स्वप्निल मानेपाशी आला आणि थांबला. देव त्याच्याकडं पाहत होता.

"काकू, हे जरा काढावं लागेल."

"काय काढा लागन?"

"हा शेंदूर."

"तू आपल्या घरच्या देवाले बी असाच खरडत अस्शीन, नाई का रे बापू?" असं म्हणून सीताबाई गाडीसमोर फतकल मारून बसली.

तेवढ्यात कुडापलीकडून गोमतीबाईचा आवाज आला. बाई चाळीस वर्षं या एका दिवसाची वाट पाहत होती, त्यामुळं आवाजात राग अजिबात नव्हता. "खरडू द्या ना, जाऊबाई. गाडी कोरी हाय तं भेव कायचं?"

"तुले कोनं बलावलं व?"

"मले कोन बलावते? मी तं सायकलवाली."

गुलाबराव मधोमध उभा होता. "अवं, एक नंबर तं पाह्यचा हाय. कायले अडून राह्यली? स्कूटर जाईन ना हातची!"

त्यानं मधला मार्ग काढला. गाडीच्या कामाचे एजंट नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात, ते त्यानं पाहिलं होतं. शेंदराला धक्का न लावता वरूनच कागद धरावा आणि घासावं. घासलं. कागदावर दोन गोल शून्यं उमटली. ते देवाचे डोळे होते. स्वप्निलनं ठसा क्लबाच्या पुण्यातल्या जाणकाराला पाठवला. जाणकारानं अभ्यास करून कळवलं, की शून्य-शून्य या क्रमांकाची गाडी आजवर नोंदीत आढळलेली नाही, कारखान्यानं बनवलेला हा पहिलाच नमुना असण्याची दाट शक्यता आहे, काही झालं तरी सोडू नकोस, पण खाली आणखी आकडे असतील ते बघ.

आता माघार शक्य नव्हती. प्रकरण पोलीस पाटील गोविंदसिंगकडं गेलं. गोविंदसिंग निःपक्षपाती माणूस आहे. जिकडं चहा आधी होतो, त्या बाजूचंही तो नीट ऐकून घेतो. त्यानं गोठ्यातच 'चेसिस क्रमांक पडताळणी व शेंदूर निष्कासन समिती' स्थापली. समितीचे ठराव पुढीलप्रमाणे झाले.

ठराव पहिला: शेंदूर हे पक्कं बांधकाम नसून शासकीय क्रमांकावरचं अतिक्रमण आहे. (चेसिस नंबर कारखान्याचा असतो, शासनाचा नाही, असं स्वप्निल म्हणाला. तो बाहेरगावचा असल्यानं त्याचं म्हणणं नोंदवण्यात आलं नाही.)

ठराव दुसरा: देवाला म्हणणं मांडायची संधी देण्यात यावी. त्याप्रमाणे नोटीस दिव्याच्या काचेवर चिकटवली. मुदतीत देव काही बोलला नाही, सबब संमती गृहीत धरण्यात आली.

ठराव तिसरा: खरडणाऱ्यानं त्या दिवशी निरंकार उपास करावा.

"माहा हायच उपास," गोमतीबाई म्हणाली. "सकायपासून."

ती सराटा घेऊनच आली होती. (सराटा म्हणजे पोळी उलटायचं उलथनं. वायर ब्रशपेक्षा तो देवाला मऊ पडेल, असं तिचं मत पडलं.) डोळे आधी काढून वाटीत ठेवले. मग थर उतरू लागले. वरचे ओले, मधले साबणासारखे, आणि सगळ्यात खालचा, त्या पहिल्या दसऱ्याचा, दगडासारखा. सीताबाई चौकटीला टेकून उभी होती. तिनं तोंडात पदर धरला होता. तिचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याची इभ्रत त्या लोखंडाच्या बोटभर तुकड्यावर अजून उभी होती, आणि जाऊ तिथं सराटा चालवत होती.

नंबर निघाला. कारखान्याचा, खणखणीत, एका ओळीत. स्वप्निलनं फोटो काढून पाठवला. मग मोबाइल टुंग करून वाजला आणि स्वप्निलनं उडीच मारली.

"काकू, अभिनंदन! गाडी त्र्याऐंशीची नाहीच! एकोणऐंशीची आहे! तुम्ही सांगता त्यापेक्षा चार वर्षं जास्त जुनी!"

जितकी जुनी तितकी मोलाची, असं पुण्याकडचं गणित. बिचाऱ्याला वाटलं, आता पेढे येतील.

गोमतीबाईनं सराटा खाली ठेवला. हात धुतले, पदराला पुसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे जाऊबाई, तुमच्या बापानं बी सायकलच देली म्हना. तिले इंजिन होतं, इतकंच."

गुलाबरावचा चेहरा उतरला. वास्तविक गाडी जुनी आहे म्हणूनच त्याला नवी स्कूटर मिळत होती, आणि ती आणखी जुनी निघाली ही त्याच्या फायद्याचीच बाब होती. पण हौसेचा मामला फायद्यापलीकडचा असतो. "जुनी? मले जुनी देली? चाळीस वर्स मी कोरी-कोरी ऐकून राह्यलो. तुह्या बापानं मले फसवलं?"

सीताबाईनं तोंडातला पदर काढला.

"फसवलं? आनि मले पाह्याले आले होते तवा तुमी काय सांगतलं? धा एकर! तुमच्या बापानं माह्या बापाले धुऱ्यावर उभं केलं आनि बोट दाखोलं, 'थ्या बाभळीपावतर आपलंच हाय इवाई.' मी लगन होऊन आली, पह्यल्याच पेरनीले तिफनीची तासं मोजली. चार एकर भरलं. चार! थेबी दोघा भावात! मी खरडलं काय कोनाचं काई?"

इथं ही बाभूळ समजून घेतली पाहिजे. आमच्या शिवाराच्या टोकाला एकच बाभूळ आहे आणि ती पलीकडच्या गावच्या हद्दीत येते. मुलगी द्यायला आलेला बाप जेवून उठला की त्याला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, न्यायचं आणि उन्हं कलताना त्या बाभळीकडं बोट करायचं, ही आमच्या गावची पिढीजात पद्धत. अलीकडचं झाड दाखवलं तर शेत लहान वाटतं, पलीकडचं झाड म्हाताऱ्या पाहुण्याला दिसत नाही. ही बाभूळ नेमकी बेतानं उगवलेली आहे. आजवर त्या बाभळीपर्यंत जितक्या घरांची जमीन दाखवण्यात आली, ती सगळी खरी धरली असती तर वाशीम जिल्ह्याला समुद्रकिनारा लागला असता.

गोमतीबाई म्हणाली, "थांबा जाऊबाई. माह्या बापाले बी बाभूळच दाखोली होती."

"हो माय. तेच बाभूळ, तेच चार एकर."

"आनि माह्या बापानं सायकल बी जुनी हाय म्हून खरं सांगून टाकलं!"

खाली ठेवलेला सराटा गोमतीबाईनं पुन्हा उचलला आणि ती आपल्या घराकडं निघाली. तिचा नवरा कुडावरून हे ऐकत होता. त्याला एकाएकी रानातली मोटर बंद करायची आठवण झाली. (वीज दुपारपासून नव्हती.)

सगळ्यात आधी सावरला तो गोविंदसिंग. त्याच्याही वडिलांनी त्याच बाभळीकडं बोट केलं होतं, आणि त्याचा मुलगा राजपाल यंदा लग्नाचा होता. मुलीकडचे लोक त्याच आठवड्यात यायचे होते, संध्याकाळी, उन्हं कलताना. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "समितीचा हेतू सफल झाला हाय. समिती बरखास्त!" जाता जाता एक शेवटचा ठरावही झाला: यापुढं गावातलं कोणतंही साल, वय, एकर, शिक्षण आणि पगार जसं सांगितलं तसंच जुळतं असं समजावं आणि कोणीही कशाच्याही खाली काय आहे ते पाहू नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या गावाच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेला हा दुसरा ठराव. पहिला ग्रामपंचायतीच्या चहाबद्दल होता.

स्वप्निल वायर ब्रश धरून तसाच उभा होता. "मग काकू, गाडी...?"

"ने बापू. देव उठून गेला, आता लोखंड राह्यलं. फक्त स्कूटर कोरी आनजो. नंबर मी पाहीन."

गाडी टेम्पोत गादीवर चढली आणि गेली. मला वाटलं, आता सीताबाईचा त्या घरातला शब्द संपला. जुनं वाक्य तर गेलंच होतं. पण वरणात मीठ परवाही जास्त पडलं होतं. गुलाबरावनं घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि वर पाहिलं. सीताबाई नुसतं म्हणाली, "चार." गुलाबरावनं वरण संपवून आणखी मागितलं. जुनं वाक्य लांबलचक होतं आणि शंभरात एक्क्याण्णव वेळा चालायचं. या शब्दाचा निकाल आजपर्यंत शंभर टक्के आहे.

तुम्ही हे वाचून हसला असाल, तर ते योग्यच आहे. खेड्यातली माणसं अशीच. तुमचं तसं नाही. तुमच्या लग्नाच्या वेळी बाभूळ नव्हती, छापील बायोडाटा होता. त्यात उंची होती, पगार होता, 'निर्व्यसनी' होतं, 'स्वभाव शांत व मनमिळाऊ' होतं. तो कागद कपाटात अजून आहे आणि तुमच्या घरातल्या माणसानं तो आजवर एकदाही मोठ्यानं वाचून दाखवलेला नाही. विश्वास आहे म्हणून, असं तुम्ही आत्तापर्यंत समजत होतात.